मुलीच्या घरची नाइट ड्युटी

३ मार्च, मंगळवार

निवृत्त होऊन तीन दिवस झाले. निरोपाच्या दिवशी वॉर्डातल्या पोरींनी ही डायरी दिली आणि म्हणाल्या, "सिस्टर, आता आराम करा आणि मनातलं लिहा." एकतीस वर्षं मी नवजात बाळांच्या वॉर्डात नाइट केली. तिथे लिहायचं ते वजन, ताप, दूध, शी आणि शू. मनातलं लिहायला रकाना नव्हता, त्यामुळे सवय नाही. बघू जमतं का.

आराम मात्र बाजूलाच राहिला. आज सकाळी बॅग घेऊन मुलीच्या घरी आले. नात चार महिन्यांची आहे. तिला सगळे बाईसाहेब म्हणतात आणि ती तशीच वागते. मुलीने दार उघडलं, "आलीस? ये," म्हणाली आणि दार लावून घेतलं. मी बाहेरच. पुन्हा बेल वाजवली तेव्हा तिने मला पहिल्यांदाच बघितल्यासारखं पुन्हा "आलीस?" म्हटलं.

पोरगी चार महिने धड झोपलेली नाही. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे आणि २५ तारखेला तिला परत कामावर उभं राहायचंय. तिथे तिची एक चूक म्हणजे कुणाच्या तरी पोटात भलतंच औषध. माझ्या हातात बावीस दिवस आहेत. मी मनात म्हटलं, बावीस कशाला, मला दोन रात्री पुष्कळ झाल्या. एका वेळी अठरा पोरं झोपवलेली बाई आहे मी.

पण इथे आधीच एक तज्ज्ञ नेमलेली आहे. तिला 'झोपेच्या मॅडम' म्हणतात. त्या फोनवर असतात, बाळांना आणि आईबापांना झोपायला शिकवतात, आणि त्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे. आमच्या वेळी झोप यायला प्रमाणपत्र लागत नसे.

४ मार्च, बुधवार

कामाला लागले. पाळण्यातून बाहेर काढलेल्या वस्तू: एक हत्ती, दोन ससे, एक उशी, पाळण्याच्या कडेची गादीसारखी झालर, आणि जावईबापूंचा चष्मा, जो ते परवापासून शोधत होते. जावई चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतात. बाळ पाठीवर झोपवायचं, आजूबाजूला काही ठेवायचं नाही, हे मी ठणकावून सांगितलं. मुलगी म्हणाली, "मॅडमनीही हेच सांगितलंय." चुकून बरोबर सांगितलं असेल.

पाळण्याजवळ एक डबी आहे, ती रात्रभर धबधब्याचा आवाज काढते. हा मॅडमचा उपाय. नळ चालू राहिला असं वाटून मी तीनदा न्हाणीघरात जाऊन आले.

आजपासून रात्रीची ड्युटी माझी. नऊ वाजता हँडओव्हर. खोलीबाहेर, मधल्या पॅसेजमध्ये, खुर्ची टाकली. नवीन रजिस्टर आखलं. मुलीने दूध काढून बाटल्या भरून ठेवायच्या, त्यांवर वेळ लिहायची आणि आडवं व्हायचं. जावई म्हणाले, "आई, हँडओव्हर म्हणजे मी नेमकं काय करायचं?" म्हटलं, "उभं राहायचं, आणि पेशंटचं सगळं सांगायचं." बिचारे उभे राहिले आणि म्हणाले, "पेशंट गोड आहे."

६ मार्च, शुक्रवार

दोन रात्री झाल्या. निकाल असा: पहिल्या रात्री बाईसाहेब ११.४०, २.१५ आणि ४.५० ला उठल्या. तिन्ही वेळा दूध, ढेकर, वीस मिनिटांच्या आत परत झोप. दुसऱ्या रात्री तर दोनदाच. माझ्या वॉर्डात अशा बाळाला आम्ही बक्षीस दिलं असतं.

बाळाची आई मात्र सकाळी उठली ती आदल्या दिवशीपेक्षा वाईट दिसत. मी म्हटलं, "अगं, सगळी रात्र मोकळी दिली तुला. काय केलंस?" तर म्हणाली, "पडले होते."

"डोळे मिटून?"

"डोळे मिटूनच. तू तीन वीसला पाणी प्यालीस. चारला दाराशी गेलीस. कशाला गेलीस गं?"

"कडी बघायला."

ती भांडं उचलून आत गेली. कान मात्र काय तिखट आहेत पोरीचे! आमच्या वॉर्डात असती तर मॉनिटर विकत घ्यावे लागले नसते. पण ही काय रीत झाली? आईने हौसेने रात्र काढायची आणि हिने तिच्या पाण्याचे घोट मोजत पडायचं.

जावई सकाळी म्हणाले, "आई, तुम्ही पण थोडं झोपा." मला रात्री झोप येत नाही. एकतीस वर्षांत रात्री झोपायची सवयच मोडली. मी दिवसा झोपते, नऊ ते दोन, खोलीला आतून कडी लावून. हा नियम मी कधी मोडलेला नाही.

८ मार्च, रविवार

आज झोपेच्या मॅडमचं दर्शन झालं, फोनच्या पडद्यावर. वय पस्तिशीच्या आत, मागे भिंतीवर चंद्राचं चित्र. आवाज इतका मऊ की मला दोन वाक्यांत जांभई आली, म्हणजे बाई कामात वाकबगार असाव्यात. मी बाजूला बसून बटणं शिवत होते. ऐकत नव्हते, फक्त सगळं ऐकू येत होतं.

मॅडमनी विचारलं, "रात्री घरात कोण कोण जागं असतं?"

मुलगी म्हणाली, "आई असते खुर्चीत. मी असते. आम्ही दोघी जाग्या आहोत म्हणून हे पण कूस बदलत राहतात."

"आणि बाळ?"

"बाळ झोपतं."

यावर जावई हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, की या वयाचं बाळ रात्री दोन-तीनदा उठणारच, त्याचं काही बिघडलेलं नाही. मी हे चार दिवस ओरडून सांगतेय, पण माझ्यामागे चंद्र नाही.

मग मॅडमनी विचारलं, "बाळ झोपलं की तुम्ही काय करता?"

"ऐकत पडते."

"काय ऐकता?"

मुलगी म्हणाली, "दार."

दार म्हणे! तिसरा मजला, दोन कड्या, वर साखळी. चोर आला तर तोच दमून पाणी मागेल. मॅडमनी मात्र हे अगदी महत्त्वाचं असल्यासारखं लिहून घेतलं. पुढे म्हणाल्या, "तुम्ही लहान असताना तुम्हाला कोण झोपवायचं?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी पटकन म्हणाले, "मीच! आणखी कोण?" आणि सुई बोटात गेली.

इथे खोटं लिहून उपयोग नाही, ही डायरी कुणी तपासणार नाही. मुलगी पाच महिन्यांची असताना मी कायमची नाइट घेतली, कारण दिवसा घर बघता यायचं. रात्री आठला मी निघायचे. तिला झोपवायचं काम 'ह्यां'चं. ह्यांचं शिवणाचं दुकान घरातच होतं. मी निघताना पोर नेहमी गाढ झोपलेली असायची. कपाळावर हात ठेवून निघायचे आणि वॉर्डात सगळ्यांना सांगायचे, आमच्याकडे झोपेचा त्रास कसा तो नाहीच.

मॅडमनी शेवटी सांगितलं, की आठवड्याभरात बाळाच्या आईला झोप लागली नाही तर डॉक्टरांना दाखवायचं, उगाच ताणायचं नाही. तेवढं मला पटलं. तसं तोंडावर म्हटलं नाही.

११ मार्च, बुधवार

आज घरात रणकंदन झालं.

बाईसाहेबांना रोज सकाळी व्हिटॅमिन डीचा एक डोस असतो, थेंब मोजून. मी सात वाजता दिला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: दिले, ७.००, सही. मुलीने साडेसातला दिला आणि तिच्या फोनमधल्या तक्त्यात टिक केलं. नोंद दोघींचीही चोख. मी तिचा फोन बघत नाही, ती माझं रजिस्टर उघडत नाही. घरात एक नर्स, एक फार्मासिस्ट, आणि बाळाला डोस दोन. अडाण्यांच्या घरात असं कधी होणार नाही. तिथे लोक एकमेकांना विचारतात.

मुलगी पांढरीफटक पडली. मी सांगितलं, एका जादा डोसने काही होत नाही. तिने ऐकलं नाही, बाळाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनीही तेच सांगितलं. तरी ती जमिनीवर बसूनच राहिली.

"मी लोकांना औषधं देते, आई. दोन आठवड्यांनी परत देणार आहे. आणि मला सकाळी कळत नाही आज कोणता वार आहे."

म्हटलं, "म्हणून तर सांगते, माझं रजिस्टर बघत जा."

झालं. हे बोलायला नको होतं, हे मला आता कळतंय. तिने रजिस्टर उचलून सोफ्यावर भिरकावलं.

"मला रजिस्टर नकोय! मला नर्स नकोय घरात! रात्रभर बाहेर बूट घालून बसतेस, घड्याळ बघतेस. तू घरी आलीयेस की ड्युटीवर?"

"मग मी काय करायला हवं होतं?" मीही आवाज चढवला. "रात्र रात्र जागते तुझ्यासाठी!"

"तेच तर! तू जागी असलीस की मला वाटतं, आता उठेल आणि जाईल."

मी म्हटलं, बरं, मग जातेच. खोलीत जाऊन बॅग काढली आणि कपडे भरायला लागले. रागात घड्या नीट होत नाहीत. मुलगी दाराशी आली. बॅग बघितली. आता ओरडेल असं मला वाटलं, पण आवाज अगदी बारीक झाला.

"जाणारच असशील तर मी जागी असताना जा. एवढंच कर."

मी काय चोर आहे, मागच्या दाराने पळायला? मला अपमान वाटला. तसं बोलूनही दाखवलं. ती बाळाकडे गेली. बॅग अर्धी भरलेली तशीच पडली आहे. जावई पॅसेजमध्ये उभे होते, त्यांना कुणाकडे बघावं ते कळत नव्हतं, म्हणून चष्मा पुसत होते.

१२ मार्च, गुरुवार

दुपारी झोप आली नाही. जिन्यात जाऊन ह्यांना फोन लावला. म्हणाले, "बोल, मशीन थांबवतो."

मी सगळी हकिगत सांगितली, माझी बाजू जरा जास्त. मुलीचं ते वाक्यही सांगितलं आणि म्हटलं, "काय मनाला लावून घेण्यासारखं बोलते बघा. आणि लहानपणी कशी शहाण्यासारखी झोपायची!"

फोनवर कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "झोपायची नाही ती."

"म्हणजे?"

"तू जाईपर्यंत डोळे मिटून पडायची. कडीचा आवाज झाला की उठून बसायची. मग आम्ही पत्ते खेळायचो. दहा-अकरापर्यंत. कधी कधी तिला कटपीस वेगळे करायला द्यायचो, रंगाप्रमाणे. मग मशीनपाशीच झोपायची."

"रोज?"

"रोज म्हणजे... चौथी संपेपर्यंत."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"तिनेच सांगू नका म्हटलं. म्हणे, आईला कळलं तर ती जाताना रडेल. आणि मलाही वाटलं, तुझा पाय निघाला नसता घरातून."

ह्यांचं चुकलं नाही. पाय निघाला नसता. मी एकतीस वर्षं लोकांच्या पोरांचा श्वास ऐकून सांगायचे, हे झोपलंय आणि हे नुसतं डोळे मिटून आहे. नवीन पोरींना शिकवायचे, की पापण्या बघा, फसू नका. आणि माझी पोर रोज संध्याकाळी माझ्या हाताखाली डोळे मिटून पडायची आणि मी तिला गाढ झोपलेली समजून निघून जायचे. मला फार वाईट वाटतंय. दुसरा शब्द सुचत नाही.

जिन्यात बसून रडले. शेजारच्या बाई वर येत होत्या, म्हणाल्या, "काय झालं हो?" म्हटलं, "काही नाही, नात झोपलीय, म्हणून बाहेर बसलेय." त्यांना हे अगदी पटलं.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी मुलगी बाटल्या उकळत होती. मी बाजूला उभी राहून म्हटलं, "बाबांशी बोलले काल. मला माहीत नव्हतं गं."

ती वळली नाही. "मला माहीत आहे तुला माहीत नव्हतं. मी डोळे फार छान मिटायचे."

"मला उठवायचं होतंस. हाक मारायचीस."

"हाक मारली असती तर थांबली असतीस?"

खोटं बोलायचं अगदी जिभेवर आलं होतं. पण रविवारचीच सुई अजून दुखतेय. म्हटलं, "नाही. वॉर्डात अठरा पोरं असायची. उशीर झाला असता तर मीच चिडले असते तुझ्यावर."

ती हसली, आणि हसता हसता डोळे पुसले, कोपराने, कारण हात ओले होते. मग म्हणाली, "मला आता काही राग नाही गं. डोक्याला कळतं सगळं. पण बाहेर खुर्ची कुरकुरली की अंगच झोपत नाही."

आम्ही दोघी तिथे उभ्या राहिलो ते एक बाटली करपेपर्यंत.

दुपारी बॅग रिकामी केली. संध्याकाळी जावईबापूंना बसवून रात्रीचं काम शिकवलं: दूध कसं गरम करायचं, ढेकर कशी काढायची, बाळ कुरबुरलं तर लगेच उचलायला धावायचं नाही, दोन मिनिटं बघायचं. माणूस मन लावून शिकतो. एकदा तर बाळाच्या डोळ्यांपुढे बोट धरून "आता स्पष्ट दिसतंय का?" असंही विचारून झालं. पाळणा त्यांच्याकडे, बाहेरच्या खोलीत. धबधब्याची डबीही त्यांच्याकडे.

मुलगी म्हणाली, "आणि तू कुठे बसणार?"

म्हटलं, "बसणार नाही. तुझ्याजवळ आडवी पडणार. झोप काही येणार नाही मला, पण पडून राहीन. घड्याळ काढून ठेवते. कुठे उठले तर तुला उठवून उठेन."

"न्हाणीघरात जायचं असलं तरी?"

"तरी."

"बघ हं," म्हणाली. हे लिहून आता जाते. नऊ वाजलेत. रात्री नऊ वाजता मी बिछान्याकडे निघालेय, वॉर्डातल्या पोरींना सांगितलं तर माझा ताप बघतील.

१४ मार्च, शनिवार

फार लाजिरवाणी गोष्ट घडली. मी झोपले.

कधी झोपले तेही माहीत नाही. नऊ वाजून गेल्यावर मुलगी दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची गंमत सांगत होती, जो खोकल्याचं औषध डोळ्यांत घालून आला होता. त्याचं पुढे काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. डोळे उघडले तेव्हा खोलीत ऊन होतं आणि आठ वाजायला आले होते.

घाबरून उठणार होते, पण उठेन तर उठवून उठेन असा शब्द दिलेला. आणि मुलगी झोपलेली. मी आधी तिच्या पापण्या बघितल्या. मग श्वास ऐकला, अगदी पूर्ण मिनिटभर. तोंड उघडं, उशीवर लाळ, एक पाय माझ्या अंगावर टाकलेला आणि तो पाय चांगलाच जड. खरी झोप होती. मी हललेच नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या तरी तशीच पडून राहिले आणि तिच्याकडे बघत बसले. बत्तीस वर्षांची झालीय, आणि तिला झोपलेली मी आज बघितली.

बाहेरून जावईबापूंचा आवाज येत होता. बाईसाहेब रात्री दोनदा उठल्या, तिसऱ्यांदा जावई स्वतःच तिला बघायला उठले, आणि त्यामुळे ती उठली. शिकतील.

साडेआठला मुलीने डोळे उघडले. छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पहिलं वाक्य काय, तर "आई, तू घोरतेस."

"काहीतरीच काय! मी मुळीच घोरत नाही."

"घोरतेस. मोठ्याने. मला माहीतच नव्हतं." मग कुशीवर वळून, डोळे परत मिटत, म्हणाली, "दोन वाजता जाग आली. दाराकडे कान गेलाच. पण तुझं घोरणं चालू होतं. म्हटलं, आहे. आणि झोपले परत."

आणि खरंच झोपली, पाय माझ्या अंगावर तसाच ठेवून. एकतीस वर्षं नाइट केली, ड्युटीवर एकदाही डोळ्याला डोळा लागू दिला नाही, आणि शेवटी कौतुक कशाचं झालं, तर घोरण्याचं.